वाचकांचे प्रश्न : टेबलावर गप्प पडलाय, तरी सेन्सर म्हणतो हलतोय!

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो होतो की मोबाइल आडवा केला की स्क्रीन फिरते ना, त्याच जातीचा सेन्सर सुटा दीड-दोनशे रुपयांत मिळतो, एकदा घेऊन बघा. झालं! सोलापुरातनं आणि आसपासनं इतके मेसेज आले की या वेळी बाकीचे सगळे प्रश्न बाजूला ठेवावे लागले. निम्म्यांनी घेतलाय आणि निम्म्यांचा चालेना. एकाने तर नुसता फोटो पाठवला, मॉड्यूल, बाजूला चहाचा कप, खाली एवढंच, "आता काय करू बे?"

ज्यांनी तो अंक बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जीवाय-५२१ नावाची छोटी निळी पट्टी, तिच्यावर ४ बाय ४ मिलिमीटरची काळी चिप, एमपीयू-६०५०. बनवली इन्व्हेनसेन्सने, ती कंपनी २०१७ पासनं टीडीकेकडे आहे. चिपच्या आत तीन दिशांचा अ‍ॅक्सेलरोमीटर आणि तीन अक्षांचा गायरो, म्हणून सहा अ‍ॅक्सिस. आणि एक गोष्ट आधीच सांगतो कारण खालच्या बहुतेक प्रश्नांचं मूळ तिथंच आहे, हा सेन्सर कोन मोजत नाही, अंतर मोजत नाही, वेगपण मोजत नाही. अ‍ॅक्सेलरोमीटर रेटा मोजतो आणि गायरो फिरण्याचा वेग. बाकी सगळं आपण गणित करून काढायचं असतं.

प्रश्न : मी डिप्लोमाला आहे. मॉड्यूल आर्डुइनो उनो बोर्डाला जोडलं, जोडलेले सेन्सर शोधणारा स्कॅनर प्रोग्राम टाकला तर एकपण डिव्हाइस सापडत नाही. दुसरं आणलं, ते सापडतं पण सगळी रीडिंग शून्य शून्य. दुकानदार म्हणतो बदलून मिळणार नाही. ५ व्होल्ट दिले म्हणून दोन्ही जळली का? (विजापूर रोड, सोलापूर)

बहुतेक एकपण जळलेलं नाही. तुमच्या फोटोत मला दिसलं ते सांगतो, पहिल्या मॉड्यूलच्या पिना भोकात नुसत्या घुसवल्यात, सोल्डर केलेल्याच नाहीत! पाकिटात पिनांची पट्टी सुटी येते आणि ब्रेडबोर्डात बसवली की वाटतं टेकलंय की, चालेल. नाही चालत. आयटूसीला, म्हणजे बोर्ड आणि सेन्सर ज्या पद्धतीने बोलतात तिला, चारही तारा पक्क्या लागतात. खात्री करायची तर स्कॅनर चालू ठेवून बोटाने मॉड्यूल जरा तिरकं दाबून बघा, मधेच सेन्सरचा पत्ता (बोर्ड त्याला ज्या नंबराने हाक मारतो तो) दिसला नि गेला म्हणजे रोग सापडला. मी स्वतः एक अख्खा रविवार याच्यापायी घालवलाय, कोड तीनदा नव्यानं लिहिला, आणि शेवटी बायको म्हणाली ती पिन हलतीय बघा.

दुसरं, आठ पिनांमधे एसडीए-एससीएल (डेटाची आणि क्लॉकची तार) आहेत तशा एक्सडीए-एक्ससीएल पण आहेत. त्या आपल्यासाठी नाहीत, बाहेरनं अजून एखादा सेन्सर, म्हणजे होकायंत्र वगैरे, चिपला जोडायचा असेल तर त्यासाठी. उनोवर एसडीए जाते ए-४ ला आणि एससीएल ए-५ ला, वायफायवाला ईएसपी-३२ बोर्ड असेल तर २१ आणि २२.

५ व्होल्टचं म्हणाल तर नुसत्या चिपला ३.४६ व्होल्टच्या वर चालत नाही हे खरंय, पण या निळ्या पट्टीवर रेग्युलेटर बसवलेला असतो, त्यामुळे व्हीसीसीला (वीज देण्याच्या पिनेला) ५ दिले तरी बिघडत नाही. बिघडतं ते व्हीसीसी-ग्राउंड उलटं लागल्यावर. त्याचा वास एकदा घेतला की माणूस जन्मभर लाल-काळी तार बघूनच जोडतो.

आता दुसरं मॉड्यूल, पत्ता दिसतो पण सगळे शून्य. ते झोपलंय! एमपीयू-६०५० ला करंट दिला की ती चिप स्लीप मोडमधेच उठते, म्हणजे उठतच नाही, कुंभकर्णच. हेक्स (सोळाच्या पद्धतीने मोजलेला) ६बी नंबरच्या रजिस्टरमधे, म्हणजे चिपच्या आतल्या कप्प्यात, शून्य लिहिलं की जागी होते. तयार लायब्ररी (दुसऱ्याने लिहून ठेवलेला कोड) हे सुरुवातीला स्वतःच करते, तुम्ही कुठनं तरी अर्धा कोड उचललाय आणि ती ओळ राहिलीय. पत्ता हेक्स ६८ असतो, एडी-झिरो पिनेला ३.३ व्होल्ट दिले की ६९, म्हणजे एकाच जोडणीवर दोन सेन्सर बसतात. आणि हेक्स ७५ नंबरचं रजिस्टर वाचून बघा, तिथं चिप आपलं नाव सांगते, उत्तर ६८ यायला पाहिजे, पत्ता ६९ केला असला तरीसुद्धा ६८च. ७० आलं तर वरती काही का छापलेलं असेना, आत एमपीयू-६५०० आहे. चालते तीपण, फक्त काही लायब्ऱ्या तिला ओळख देत नाहीत आणि "सेन्सर नाही" म्हणून गप्प बसतात.

प्रश्न : मी अकरावीत आहे. सायन्स प्रोजेक्टसाठी सेन्सर टेबलावर सपाट ठेवला, अजिबात हात लावला नाही, तरी झेडमधे १६८९० येतं. एक्स-वायमधे पण थोडं थोडं. आणि गायरोच्या एक्समधे −२३० च्या आसपास अडकून बसलंय. सर म्हणाले खराब आहे, दुसरा आण. (जुळे सोलापूर)

अगं, आणू नकोस! तुझा सेन्सर अगदी शहाण्यासारखा वागतोय.

अ‍ॅक्सेलरोमीटर म्हणजे समज एक डबी, आत स्प्रिंगला टांगलेलं वजन. डबी टेबलावर ठेवली की वजन खाली ओढलं जातं, स्प्रिंग ताणली जाते, आणि सेन्सर तो ताणच सांगतो. टेबल त्याला वरती ढकलतंय म्हणून पडत नाहीये, ते ढकलणं म्हणजे १ जी, पृथ्वीच्या ओढीएवढा रेटा. तू ±२ जी च्या रेंजवर आहेस आणि तिथं १ जी म्हणजे १६३८४ आकडे. म्हणजे झेड तुला सांगतोय, "मी सरळ ठेवलेला आहे." विश्वास नसेल तर उलटा कर, −१६ हजारांच्या आसपास येईल. आणि मजा बघायची तर रीडिंग मेमरीत साठवून घे आणि सेन्सर बॅटरीसकट हातातनं गादीवर सोड, सोलापुरी चादर चार घड्या करून टाक वरनं, पडत असताना तेवढ्या क्षणापुरते तिन्ही आकडे शून्याजवळ येतात. पडतोय तेव्हा शून्य आणि पडून राहिलाय तेव्हा १६ हजार, हा उलटा हिशोब सरांना करून दाखव, प्रोजेक्ट तिथंच अर्धा झाला.

आता १६३८४ च्या जागी १६८९० का? प्रत्येक चिपची थोडी खोड असते. सरळ ठेवून १६८९० आणि उलटा ठेवून समज −१५६५० आलं, तर दोन्हींची बेरीज १२४०, तिचं निम्मं ६२०, ही झाली झेडची खोड. प्रत्येक रीडिंगमधनं ६२० वजा कर. मग सरळ १६२७०, उलटा −१६२७०, म्हणजे तुझ्या चिपचा १ जी १६३८४ नसून १६२७० चा आहे. असंच एक्स आणि वाय खाली-वर उभे करून. एकूण सहा बाजू, वहीत तक्ता कर.

गायरोचं −२३०, ते भाग १३१ ने, कारण ±२५० अंशांच्या रेंजवर सेकंदाला १ अंश म्हणजे १३१. आलं −१.७५ च्या आसपास. म्हणजे टेबलावर गप्प पडलेला सेन्सर म्हणतोय मी सेकंदाला पावणेदोन अंशाने फिरतोय! असंच मोजत राहिलीस तर एका मिनिटात तो १०५ अंश फिरलेला दिसेल. उपाय साधा आहे, सुरू केल्या केल्या न हलवता हजार-दोन हजार रीडिंग घे, सरासरी काढ, ती दरवेळी वजा कर.

एक खास आपल्या गावचा मुद्दा. ही खोड तापमानाबरोबर सरकते. सकाळी सहाला कॅलिब्रेट केलं आणि मे महिन्यात दुपारी दोनला पत्र्याखाली वापरलं तर तो आकडा राहत नाही. चिपमधे तापमानाचं रीडिंग असतंच, कच्च्या आकड्याला ३४० ने भागायचं आणि ३६.५३ मिळवायचे. ते खोलीचं नाही हं, चिपचं तापमान. गरम होऊन स्थिर झाला की मग सरासरी घे, पाचेक मिनिटं दे त्याला.

प्रश्न : हा सेन्सर सायकलला लावून जीपीएसशिवाय घरापासून कॉलेजपर्यंतचं अंतर मोजता येईल का? फॉर्म्युला आहे ना, प्रवेगापासून वेग आणि वेगापासून अंतर. (साखर पेठ)

फॉर्म्युला आहे, अंतर नाही यायचं. समजा तुम्ही फार काळजी घेऊन सगळी खोड काढली आणि फक्त ०.०१ जी ची चूक राहिली. दोनदा बेरीज केल्यावर १० सेकंदात ती साधारण ५ मीटर होते, आणि १ मिनिटात पावणेदोनशे मीटर. सायकल स्टँडवर उभी असताना! वर सायकल १ अंश कलली की गुरुत्वाकर्षणाचाच ०.०१७ जी एवढा भाग आडव्या अक्षात घुसतो, आणि आपल्या रस्त्यांवर सायकल १ अंशात सरळ ठेवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. चाकाला लोहचुंबक, फोर्कला हॉल सेन्सर (चुंबक समोर आला की सांगणारा), २६ इंची चाक एका फेरीला २ मीटरच्या थोडं वर जातं, फेऱ्या मोजा. संपला विषय.

प्रश्न : आम्ही काही मुलं संक्रांतीच्या आधी सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजाच्या (उंच मानाच्या काठीच्या) सरावाला जातो. नवीन मुलांना काठी किती कलली ते कळावं म्हणून साध्या बांबूला हा सेन्सर बांधला, ५ अंशाच्या वर गेलं की बझर वाजावा असं. पण आमचे जुने जाणते आजोबा काठी एकदम सरळ घेऊन चालतात तरी बझर वाजतच राहतो, ते वैतागून म्हणाले "हे काय करालाय बे, काढा ते." फक्त उभं राहिलं की बरोबर दाखवतो. (बाळीवेस)

हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मानाच्या सात काठ्यांना हात न लावता सरावाच्या बांबूवर प्रयोग करताय हेपण चांगलं केलंत.

आजोबांचं बरोबर आहे, तुमच्या बझरचं चुकतंय. तुम्ही कोन नुसत्या अ‍ॅक्सेलरोमीटरवरनं काढलाय. तो कुठला रेटा जमिनीचा आणि कुठला पावलाचा हे ओळखत नाही, दोन्हींची बेरीज देतो. चालताना पुढे-मागे ०.२ जी चा हिसका बसला तर त्याला वाटतं काठी ११ अंश कलली. गायरोला पावलाच्या हिसक्याचं फारसं काही पडलेलं नसतं, काठी खरंच फिरली तरच तो बोलतो, पण तो हळूहळू भरकटतो, वरती मुलीच्या प्रश्नात बघितलं तसं. म्हणून दोघांना एकत्र जुंपायचं. दर १० मिलिसेकंदाला आधीच्या कोनात गायरोचा बदल मिळवा, त्याचे ९८ टक्के घ्या आणि अ‍ॅक्सेलरोमीटरच्या कोनाचे २ टक्के. याला कॉम्प्लिमेंटरी फिल्टर म्हणतात आणि गणित एका ओळीचं आहे.

पण ९८-२ हे सगळीकडे छापून आलेलं प्रमाण तुमच्या कामाचं नाही. त्या प्रमाणात फिल्टर साधारण अर्ध्या सेकंदात अ‍ॅक्सेलरोमीटरचं ऐकायला लागतो आणि माणसाचं पाऊलपण साधारण अर्ध्या सेकंदालाच पडतं, म्हणजे प्रत्येक पावलाचा हिसका आत येणारच. ९९.५ आणि ०.५ करा, मग हा वेळ २ सेकंदांवर जातो, तीन-चार पावलांचे हिसके एकमेकांत जिरतात. गायरोची खोड नीट काढली असेल तर २ सेकंदांत तो भरकटून भरकटून किती भरकटणार.

आता बांधायचं कुठं? तुम्ही लिहिलंय वरच्या टोकाला, "तिथं जास्त हलतं म्हणून जास्त अचूक." नेमकं उलटं! काठी खालनं तोललेली असते, वरचं टोक मोठ्या कमानीत झुलतं, तिथं झोक्याचा रेटा सगळ्यात जास्त, म्हणजे अ‍ॅक्सेलरोमीटरची फसवणूक सगळ्यात जास्त. कलण्याचा कोन मात्र खाली-वर सारखाच. हाताच्या जवळ बांधा. एक तोटा आहे, बांबू वरती वाकतो ते खालच्या सेन्सरला कळत नाही, पण तुम्हाला तोल शिकवायचाय ना, वाक नाही.

अजून एक खोच आहे जी तुम्ही विचारलीच नाहीये पण पुढच्या आठवड्यात नक्की विचाराल. पट्टी काठीला उभी चिकटवली की एक्स अक्ष आभाळाकडे जातो. इंटरनेटवरचा पिच-रोलचा, म्हणजे पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे कलण्याचा, कोड सेन्सर सपाट आहे असं धरून लिहिलेला असतो, उभ्या सेन्सरला त्यातला पिच ९० अंशाला टेकतो आणि तिथं रोलचे आकडे वाट्टेल तसे उड्या मारतात. तुम्हाला पिच-रोल नकोच आहेत. काठी कुठल्याही बाजूला का कलेना, उभ्यापासनं किती एवढंच पाहिजे. वाय आणि झेडचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ, भागिले एक्स, त्याचा आर्कटॅन, हा झाला कलण्याचा एकच कोन. आणि चौकात वळताना काठी स्वतःभोवतीपण फिरते, तेव्हा गायरोचे अक्ष एकमेकांत मिसळतात, तिथं वरचं एका ओळीचं गणित लंगडं पडतं. तेव्हा मॅजविक फिल्टरची (सगळे अक्ष एकत्र जुळवणाऱ्या गणिताची) तयार लायब्ररी घ्या, नाहीतर चिपमधेच डीएमपी नावाचा छोटा प्रोसेसर आहे, तो हे मिसळणं स्वतः करून देतो. उत्तर दिशा यातलं कुणीच सांगणार नाही, पण बझरला ती लागतेय कुठं.

बझर मात्र सलग अर्धा सेकंद ५ अंशाच्या वर राहिला तरच वाजवा. आजोबांच्या कानाचापण विचार करा.

प्रश्न : आमचे आठ माग आहेत, टॉवेलचे. कुठला माग किती वेळ बंद होता आणि किती पिक (आडव्या धाग्याच्या फेऱ्या) झाले हे मोबाइलवर दिसावं म्हणून एका मुलाकडनं हा सेन्सर एका मागावर बसवून घेतला. दिवसातनं चार वेळा हँग होतो आणि पिक कधी दुप्पट दाखवतो कधी निम्मे. सेन्सरच चांगल्यातला घ्यावा का? (अक्कलकोट रोड एमआयडीसी)

महागातला घेऊ नका, आधी ऐका. तुम्ही व्हिडिओ पाठवलात म्हणून बरं झालं. त्यात दिसतंय की सेन्सर मागाच्या साच्यावर स्पंजाच्या टेपने चिकटवलाय आणि तिथनं दोनेक मीटरची चपटी वायर मोटरच्या अंगावरनं जाऊन भिंतीवरच्या डबीत शिरलीय. हँग होण्याचं कारण ती वायर. आयटूसी ही एका बोर्डावरच्या चिपांनी आपापसात बोलायची पद्धत आहे, वितीभर अंतराची. मोटर सुरू-बंद होताना वायरमधे खोटे पल्स शिरतात, सेन्सर अर्ध्या वाक्यात अडकतो आणि डेटाची तार खाली ओढून धरून बसतो, मग सगळंच ठप्प. ईएसपी-३२ च सेन्सरशेजारी बसवा, मधली वायर १०-१५ सेंटीमीटर, स्पीड ४०० वरनं १०० किलोहर्ट्झवर आणा, पुढचं वायफायने जाऊ द्या. डबी बंद पाहिजे, तुसाचा थर आत गेला की उन्हाळ्यात आत भट्टी होते. आणि स्पंजाची टेप काढून टाका, ती हादरे गिळते. पट्टीला भोकं दिलीत ती स्क्रूसाठीच.

पिकचं प्रकरण वेगळं आहे, तिथं मुलाची कल्पनाच चुकली. मिनिटाला १२० पिक धरले तर सेकंदाला दोन. प्रत्येक पिकला माग दोनदा ठोकतो, एकदा धोटा फेकताना आणि एकदा फणी बाणा ठोकते तेव्हा. सेन्सरला दोन्ही ठोके सारखेच, म्हणून दुप्पट. त्यात धोटा एकदा डावीकडनं सुटतो एकदा उजवीकडनं, सेन्सर ज्या बाजूला आहे तिथला ठोका जोरात आणि पलीकडचा हळू, म्हणून कधी हळू ठोका सुटून जातो आणि निम्मे. कितीही भारीतला सेन्सर आणा, हे असंच राहणार. साध्या धोट्याच्या मागाचा क्रँक शाफ्ट एका पिकला एक फेरी घेतो, त्याच्यासमोर एक प्रॉक्झिमिटी स्विच (धातू जवळ आला की कळवणारा) बसवा, फेरी मोजली की पिक मोजला. तुमच्या जॉबरला (माग दुरुस्त करणाऱ्याला) विचारा, कुठं बसवायचा ते तो दोन मिनिटांत दाखवेल.

मग हा सेन्सर फेकायचा का? नाही, माग चालू की बंद हे तो झकास सांगतो. दोन सेकंदांची रीडिंग घ्या आणि ती सरासरीपासनं किती पसरलीत ते बघा, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन. फक्त मर्यादा शून्याजवळ ठेवू नका, शेजारचा माग चालू असला की फरशी थरथरते आणि बंद मागपण थोडा जिवंत दिसतो. सगळे बंद असताना, फक्त शेजारचे चालू असताना, आणि हा चालू असताना, असे तीन आकडे घ्या, मर्यादा शेवटच्या दोघांच्या मधे. रेंज ±१६ जी वर करा, कारण धोट्याच्या ठोक्याला ±२ जी ची रेंज भरून जाऊ शकते आणि आकडा ३२७६७ ला टेकून तिथंच अडकतो, मग खरा ठोका केवढा होता ते कळतच नाही. ±१६ वर १ जी म्हणजे २०४८, हे कोडमधे बदलायला विसरू नका. सेकंदाला १०० रीडिंग घेत असाल तर चिपमधला फिल्टर ४४ हर्ट्झवर लावा, हेक्स १ए रजिस्टरमधे ३ लिहून, नाहीतर वेगाचे हादरे हळू हादऱ्यांचं सोंग घेऊन येतात.

मुलाने तुम्हाला "बेअरिंग जाण्याच्या आधी कळेल" असंपण सांगितलंय म्हणे. ते या चिपकडनं होणार नाही. तिचा अ‍ॅक्सेलरोमीटर २६० हर्ट्झच्या आतलंच नीट ऐकतो, बेअरिंगची सुरुवातीची किरकिर त्याच्या फार वरती असते. तोवर जॉबरचा कान बरा.

प्रश्न : ऑनलाइन ६, ९ आणि १० अ‍ॅक्सिस असे सगळे दिसतात. जास्त अ‍ॅक्सिस म्हणजे जास्त चांगला ना? (बार्शी)

६ मधे तीन दिशांचं होकायंत्र मिळवलं की ९. १० वा म्हणजे हवेचा दाब मोजणारा सेन्सर, त्याला अ‍ॅक्सिस म्हणणं ही विकणाऱ्याची हौस. उत्तर दिशा पाहिजे असेल तरच ९ घ्या आणि तोपण मोटर, लोखंडी टेबल, स्पीकर यांच्यापासनं लांब वापरणार असाल तर. एमपीयू-९२५० च्या नावाखाली होकायंत्र नसलेली चिपपण खपवतात, आल्या आल्या हेक्स ७५ वाचा, ७१ यायला पाहिजे, ७० आलं तर परत पाठवा. गणिताचा कंटाळा असेल आणि जरा जास्त पैसे घालायची तयारी असेल तर बॉशचा बीएनओ-०५५ घ्या, तो सगळं आतल्या आत जुळवून सेकंदाला १०० वेळा तयार कोनच हातात देतो. पत्ता त्याचा हेक्स २८ किंवा २९, स्कॅनरवर ६८ शोधत बसू नका.